सूर्यभान मिस्त्रींच्या दाखल्यातली ओळ

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या साखर कारखान्याचे उपाध्यक्ष श्रीमंत आण्णा. त्यांच्या शेजारी बसलेले चीफ इंजिनिअर राधाकृष्ण कुलथेसाहेब. मिलवरचे, बॉयलरवरचे, गोडाऊनवरचे आणि ऑफिसातले माझे सगळे सोबती. पहिल्या रांगेत बसलेल्या, आजच्या सत्कारमूर्तींच्या पत्नी लंकावहिनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माताभगिनी. आणि ज्यांच्यासाठी आपण मे महिन्याच्या या उन्हात मांडवाखाली जमलो आहोत, ते आज आपला निरोप घेणारे सत्कारमूर्ती सूर्यभान मिस्त्री. आसाराम ऑइलमनचा आपणा सर्वांना नमस्कार.

कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते मुद्दाम नाही. नावं मी कागदावर लिहून आणली होती, पण कागद खिशात घामानं ओला झाला आणि खालची चार नावं एकमेकांत मिसळली. त्यातलं एक गोडाऊनकीपरसाहेबांचं होतं, एवढं मला आठवतं.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. त्यातली चौथी अर्धीच. माईकसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा आहे. सकाळपासून मी माईकवाल्याला तीनदा विचारलं, की यात करंट तर नाही ना. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "नाना, तुमीच करंट हाय." तरीही मी दोन बोटं लांब उभा आहे, मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा. मांडवाचा तो डावीकडचा खांब मी हलवून पाहिला आहे, घट्ट आहे. अध्यक्षांच्या तांब्यातलं पाणी बदललेलं आहे. हे सगळं माझं काम नाही हे मला माहीत आहे, पण मला पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण मला पाच मिनिटं दिली आहेत आणि त्यातली दोन माझ्या भीतीनं खाल्ली.

अध्यक्षांसमोर टेबलावर शाल आहे, नारळ आहे आणि एक लांबट पाकीट आहे. त्या पाकिटात मिस्त्रींचा नोकरीचा दाखला आहे. दाखल्यात एकोणीस वर्षांची नोकरी लिहिली आहे, ती बरोबर आहे. नाव बरोबर आहे. पण शेवटी एक ओळ आहे, ती बरोबर नाही. राहात्याकडं एक नवा कारखाना उभा राहतोय. त्यांना मशिनरी जोडायला जाणता माणूस हवा आहे आणि मिस्त्री सोमवारी हा दाखला घेऊन तिकडं जाणार आहेत. ती ओळ वाचल्यावर तिथला साहेब मिस्त्रींना चहा पाजेल आणि परत पाठवील. मला आज बोलायचं आहे ते त्या ओळीबद्दल.

मिस्त्री, तुम्ही माझ्याकडे तसं बघू नका. मी बोलणार आहे.

पण तेवढंच सांगून खाली बसलो तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला ऊन लागलं. म्हणून क्रमानं सांगतो.

सूर्यभान मिस्त्रींची कामाची रीत तुम्हा सर्वांना माहीत आहे. तरी अशा प्रसंगी गुण सांगायची पद्धत आहे, आणि ही पद्धत चांगली आहे, कारण एरवी आपण एकमेकांना फक्त पाना मागतो. मिस्त्री एखादं यंत्र खोलायला बसले की आधी गोणपाट अंथरतात. गोणपाटावर धुतलेलं धोतराचं फडकं. मग जो भाग निघेल तो ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडायचा, पंगतीत पानं मांडावीत तसा. एका बोल्टाची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. दोन भाग एकमेकांपासून सोडवायच्या आधी दोन्हींच्या कडेवर छिन्नीनं एक बारीक खूण करायची, म्हणजे जोडताना खुणेला खूण लागली पाहिजे. मी एकदा त्यांना विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "नाना, खोलतो त्यो हुशार न्हवं. खोलायला तर माकडबी खोलतं."

एकदा पाण्याचा पंप जोडून झाला आणि फडक्यावर एक वायसर उरलं. सगळे म्हणाले, राहू द्या, पंप चाललाय ना. मिस्त्रींनी चालता पंप बंद केला, पुन्हा अख्खा खोलला, पुन्हा पहिल्यापासून मोजला. सगळी वायसरं जागच्या जागी. मग हे कुठलं? तेवढ्यात मी सायकल घेऊन घरी निघालो आणि सायकलचं मागचं चाक माझ्या आधी पुढं गेलं. ते वायसर माझ्या सायकलचं होतं. दुपारी मीच ते हातात घेऊन तिथं बसलो होतो. हसा, हसायला हरकत नाही. त्या दिवशी मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आधी माझं चाक बसवलं आणि मग हसले.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, कारण पुढं मी येतो. माझी खरी नोकरी दोन वर्षांपूर्वीच संपली. पण या कारखान्यात तेल घालायची चारशे अकरा भोकं आहेत आणि कुठल्या भोकाला पातळ तेल, कुठल्या भोकाला जाड, हे माझ्याशिवाय कुणालाच पाठ नाही. म्हणून दर वर्षी मला एका वर्षाची मुदतवाढ मिळते. खाली पिचकारी घेऊन हिंडताना मला एखादं नवं भोक दिसलं, की माझा जीव खालीवर होतो. हे कशाचं? याला आजवर तेल मिळालं की नाही?

गेल्या साली श्रावणात एक मोठी लाकडी पेटी आली. त्यात हवेवर चालणारा नवा व्हॉल्व होता. रस तापवायच्या टाकीकडं जी वाफ जाते, तिचा रस्ता कमीजास्त करायला हा व्हॉल्व. पूर्वी तिथं चाक होतं आणि एक माणूस दिवसभर ते फिरवत उभा राहायचा. नव्या व्हॉल्वला माणूस नको. त्याच्या डोक्यावर एक पेटी असते, दोन पराती तोंडाला तोंड लावून कडेनं बोल्ट मारल्यासारखी. वरून ती अगदी कासवासारखी दिसते, म्हणून आम्ही तिला कासव म्हणायला लागलो. कासवाच्या पोटात रबराचा एक पडदा, पडद्याच्या मधोमध खाली व्हॉल्वकडं जाणारा दांडा, आणि पडद्यावर एक दणकट स्प्रिंग. खालून नळीनं दाबाची हवा आली की पडदा वर उचलला जातो, दांडा वर जातो, वाफेचा रस्ता उघडतो. हवा काढली की स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, रस्ता बंद. एवढंच. कुलथेसाहेबांनी हे आम्हाला खडूनं फरशीवर काढून दाखवलं होतं. मला तेव्हाच कळलं, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

मिस्त्रींनी ते कासव जागेवर चढवायच्या आधी जमिनीवर पूर्ण खोललं आणि पूर्ण जोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, वर शिडीवर याची ओळख करून घेण्यापेक्षा इथं सावलीत करून घेतो. कडेच्या बोल्टांत चार लांब होते. मिस्त्री म्हणाले, आखूड आधी काढायचे, लांब शेवटी, आणि तेही थोडे थोडे, समोरासमोरचे. नाहीतर आतली स्प्रिंग झाकणासकट तोंडावर येईल. जोडताना पडद्याला एक सुरकुती पडू दिली नाही. बोल्ट आवळतानाही एकामागून एक नाही, एक इकडचा की एक त्याच्या समोरचा. मग कडेला साबणाचा फेस लावून हवा सोडली आणि गुडघ्यावर बसून बुडबुडा येतो का ते पाहिलं. एकही आला नाही.

झाकणाच्या अगदी माथ्यावर एक बारीक भोक होतं. मला ते दिसलं आणि मी पिचकारी घेऊन पुढं झालो. साहेब म्हणाले, "नाना, याला तेल नाही. याला हातच लावायचा नाही." त्या भोकावर जाळीची एक टोपी यायला हवी होती, ती वाटेत तुटली होती, हे नंतर कळलं. मला त्या दिवशी एवढंच समजलं, की हे भोक तेलाचं नाही. मग कशाचं, हे मी विचारलं नाही. चारशे अकरा भोकांच्या माणसानं एका भोकाबद्दल विचारलं नाही.

मंडळी, खंडेनवमीला आपल्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. ती तयारी एकोणीस वर्षं मी करतो. काष्टीच्या बाजारातून झेंडू आणायचा, मालनबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, तो ओवायचा. कुंकू यंत्रावर टिकत नाही, उडून जातं, म्हणून मी तेलात कालवलेला शेंदूर लावतो. आदल्या दिवशी कुलथेसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "नाना, बाकी सगळीकडं करा, पण नव्या व्हॉल्वला काही फासू नका." मी हो म्हणालो. मनापासून हो म्हणालो.

नवमीला सगळी पूजा झाली. मिल झाली, बॉयलर झाला, काटा झाला, लेथ झालं. माझ्या टोपलीत एक फूल उरलं आणि वाटीत बोटभर शेंदूर. वर पाहिलं तर कासव एकटंच कोरडं. देवळात आपण कासवाला ओलांडून जात नाही, आधी त्याला हात लावतो, हळदकुंकू वाहतो. आणि इथं सगळ्यांच्या कपाळाला काहीतरी आहे आणि कासव तसंच. मला राहवेना. मी शिडी लावली.

फूल झाकणावर ठेवलं तर घसरून खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. झाकण घुमटासारखं, फूल राहील कसं? मग माथ्यावरचं भोक दिसलं. झेंडूचा देठ त्यात असा बसला, जसं काही मापच घेतलं होतं. मी हात जोडले. देठ हलू नये म्हणून भोवती शेंदूर थापला आणि खाली उतरलो. मला वाटलं, साहेबांनी फासू नका म्हटलंय, फूल खोवायला कुठं ना म्हटलंय.

साहेब, मला आज कळतं ते कशाचं भोक होतं. खालून हवा आली की पडदा वर उचलायचा, तर पडद्याच्या वरच्या बाजूला कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट पाहिजे. ती वाट ते भोक. फूल चार दिवसांत वाळून पडलं. देठ आत राहिला, आणि त्याच्यावर शेंदूर वाळून गुळगुळीत झाला.

मग हंगाम सुरू झाला. उसाची पहिली मोळी टाकायचा तो दिवस तुम्हा सर्वांना आठवत असेल. पाहुणे आले, बँड आला, पेढे वाटले. नऊ वाजता गाळप सुरू झालं आणि सव्वानऊला ओरड झाली, रस तापत नाही. कासवाला हवा पूर्ण, पण दांडा बोटभर वर यायचा आणि तिथंच थांबायचा. शेजारच्या बायपासचं, म्हणजे वाफेच्या आडवाटेचं, चाक हातानं फिरवून पाहिलं, तर रस कधी कोमट तर कधी उकळता. साहेबांनी गाळप थांबवायला सांगितलं. पाहुणे बसले होते त्यांच्यासमोर मिल थांबली. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली. जामखेडकडची ऊसतोडीची मंडळी होती, त्यातल्या गोजरबाई म्हणून एक बाई फाटकावर येऊन मला म्हणाल्या, "काय ओ, कारखान्याला दमा लागला व्हय? बैलं उन्हात उभी हायती." 

मिस्त्री शिडीवर चढले. शिडी धरून मी उभा. त्यांनी झाकण काढलं, पण आधी त्या शेंदराला हात लावून कपाळाला लावला, मग झाकण फडक्यावर उताणं न ठेवता पालथं घातलं, शेंदूर पुसला जाऊ नये म्हणून. पडदा तपासला, साबूत. दांडा हातानं वरखाली करून पाहिला, लोण्यासारखा. पुन्हा खुणेला खूण लावून जोडलं. दांडा बोटभर वर, आणि थांबला.

दुसऱ्यांदा खोललं. या वेळी स्प्रिंग काढली, दांड्याभोवतीचं पॅकिंग बदललं. झाकण नसताना हातानं उचललं की सगळं चालतं. झाकण लावलं की अडतं. खाली उभं राहून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, मग झाकन नगाच लावू." मिस्त्री वरून म्हणाले, "तुज्या डोक्यावर ठिवतो, तिथं मोकळीच जागा हाय."

दुसऱ्यांदा जोडून होत होतं तेव्हाची गोष्ट. हीच ती ओळीची गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका. कुलथेसाहेब पाहुण्यांना सांभाळून धावत आले. मिल बंद असली तरी बॉयलरचा आवाज होताच. साहेब लांबूनच ओरडले, "मिस्त्री, व्हेंट मोकळा आहे का?"

साहेब, त्या भोकाला तुम्ही व्हेंट म्हणता. आम्ही 'वरचं भोक' म्हणतो. मी शिडीखाली होतो, मला ऐकू आलं, "बँड मोकळा आहे का?" मिस्त्रींनाही तेच ऐकू आलं. वरच्या खिडकीतून त्यांना अंगण दिसत होतं आणि तिथं बँडवाले बसून चहा पीत होते. मिस्त्रींनी वरून उत्तर दिलं, "व्हय साहेब, मोकळाच हाय."

मला वाटलं, पाहुणे कंटाळले असतील म्हणून साहेब बँडची चौकशी करतायत. मी म्हणालो, "सांगू का त्यांना?" साहेबांनी हात हलवला. तो हात 'नको' म्हणत होता की 'बाजूला हो' म्हणत होता, मला माहीत नाही. मी जाऊन बँडवाल्यांना सांगितलं, वाजवा. आणि त्यांनी वाजवलं, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात वर कुणी काय बोललं आणि खाली कुणी काय ऐकलं, ते त्या बँडलाच माहीत.

आता तुम्ही हसताय. मीही आज हसतोय. पण साहेब उत्तर ऐकून निश्चिंत झाले होते, की व्हेंट मोकळा आहे, म्हणजे दोष दुसरीकडं आहे. त्यामुळं वेळ गेला. दुपारी मिस्त्रींनी तिसऱ्यांदा झाकण उतरवलं आणि या वेळी ते खिडकीसमोर धरलं, आतल्या बाजूनं. भोकातून उजेड यायला हवा होता, आला नाही. त्यांनी तार घातली. तार अडली. जोर लावला, तेव्हा शेंदराचा खपला उडाला आणि देठ बाहेर आला. त्यांनी तो खिशात टाकला. झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोर आवळले, हवा सोडली. दांडा एका दमात वरपर्यंत गेला. तीन वाजता मिल फिरली. साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, "वरच्या भोकात कचरा हुता."

नळावर हात धुताना मिस्त्रींनी मला तो देठ दाखवला.

"नाना, ह्ये काय हाय?"

"देठ."

"कशाचा?"

"झेंडूचा."

"त्ये मलाबी दिसतंय. कुनाचा, त्ये इचारतोय."

मी पिचकारी पुसायला लागलो. मिस्त्रींनी देठ नळाच्या धारेखाली सोडून दिला.

"तुमच्या मुदतवाढीचा कागद ह्याच म्हैन्यात हाय ना?" ते म्हणाले. "मग गप ऱ्हावा."

"आन् बँडचं?" मी विचारलं. तोवर साहेब कुणाला तरी सांगत होते, ते मी ऐकलं होतं, की मिस्त्रींनी व्हेंट मोकळा असल्याचं सांगितलं.

"बँडचं काय सांगू? सगळा कारखाना हसंल. आन् सायबाला वाटंल, मी त्येची थट्टा लावलीया. कचरा मला दिसला न्हाई, ही माझीच चूक. जावा, तेल घाला."

चार दिवसांनी मिस्त्रींच्या नावानं ठपक्याचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, की व्हॉल्वच्या कामात निष्काळजीपणा झाला आणि विचारले असता वरिष्ठांना खोटी माहिती दिली. मिस्त्रींनी खाली सही केली. साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलं, हो असं उत्तर आलं, भोक बंद निघालं. त्यांच्या जागी दुसरं कुणी काय लिहिलं असतं? त्यांना ना देठ दिसला होता, ना बँड.

मला दोन्ही दिसले होते.

त्यानंतर मी पाच वेळा साहेबांच्या केबिनमध्ये सांगायला गेलो. पहिल्यांदा दार उघडलं आणि तोंडातून आलं, "साहेब, तेलाचा कॅन पाहिजे." दुसऱ्यांदा गेलो, पुसायला चिंध्या मागितल्या. तिसऱ्यांदा पुन्हा कॅन. साहेबांनी पाचही वेळा सही करून दिली. माझ्या खोलीत आज तीन कोरे कॅन पडून आहेत, ते मी जाताना स्टोअरला परत करीन. मला मुदतवाढ मिळाली. मिस्त्री मला रोज भेटत होते, रोज चहा पाजत होते, आणि एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

काल दुपारी ऑफिसात छगनराव दाखला टाइप करत होते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मिस्त्रींचं नाव बरोबर लिहिलंय ना, हे मी विचारायला गेलो. छगनरावांनी मला तो वाचून दाखवला. एकोणीस वर्षं, उत्तम हात, वेळेवर हजेरी, आणि मग ती ठपक्याची ओळ, नोकरीच्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरवलेली. छगनरावांचा यात काही दोष नाही, पुस्तकात असतं ते त्यांना उतरवावंच लागतं. मी विचारलं, ही काढता येत नाही का? ते म्हणाले, "नाना, साहेबांनी लिहून दिल्याबिगर न्हाई. आन् साहेब कशावरून लिवतील?"

घरी आलो. भाकरी समोर आली, ती मी नुसती कुस्करत बसलो. मालनबाई समोर बसल्या आहेत, त्यांच्यासमोरच सांगतो. त्या म्हणाल्या, "जेवत का न्हाई?" मी सगळं सांगितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग उद्या बोला."

"सगळ्यांम्होरं?"

"ठपका सगळ्यांला ठावं हाय. मग खरं एकट्या सायबाला सांगून कसं भागंल? तुमी न्हाई बोलला तर मी हुबी ऱ्हाते. फुलं तर मीच ओवली हुती."

म्हणून मी उभा आहे. त्या उभ्या राहिल्या असत्या तर पाच मिनिटांत आटपलं असतं आणि इतकं लांबलं नसतं, हे मला मान्य आहे.

मिस्त्री, बसा. तुम्ही हात करून मला थांबवताय, ते मला दिसतंय. लंकावहिनी काय म्हणतायत तेही मला ऐकू आलं, त्या म्हणतायत, "बोलू द्या की नानांना." वहिनी, तुम्हाला मिस्त्रींनी हे सांगितलं नव्हतं, ते तुमच्या तोंडावरून कळतंय. तो माणूस घरीही बोलला नाही. मी आज शाल पांघरून घेणाऱ्या माणसाचा मान कमी करायला उभा नाही, त्यांच्याकडं राहिलेला माझा ठपका परत घ्यायला उभा आहे.

अध्यक्ष महाराज, भाषणाचा हा शेवटचा भाग मी लिहून आणला आहे. अक्षर वाईट आहे, पण माझं स्वतःचं आहे. वाचतो. 'मी, आसाराम, ऑइलमन, लिहून देतो की खंडेनवमीला साहेबांनी मना केले असता नव्या व्हॉल्वच्या वरच्या भोकात फूल मी खोवले. सूर्यभान मिस्त्री यांना ते माहीत नव्हते. साहेबांनी व्हेंट मोकळा आहे का असे विचारले ते आम्हा दोघांना बँड असे ऐकू आले. मी शिडी धरून होतो. मिस्त्री खोटे बोलले नाहीत. व्हॉल्व त्यांनी तीन वेळा खोलला आणि तीन वेळा बरोबर जोडला.' खाली माझी सही आहे. त्याच्या खाली मालनबाईंचा अंगठा आहे. त्याची गरज नव्हती, पण त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला माझ्या मुदतवाढीचा कागद पुन्हा येईल. तो द्यायचा की नाही, हे साहेबांनी आणि संचालक मंडळानं ठरवावं, मी त्यावर चकार शब्द बोलणार नाही. भोकांची यादी मी लिहायला घेतली आहे, तीनशे वीसपर्यंत झाली आहे. नव्या माणसाला ती वाचता येईल, एवढं अक्षर मी सुधारलं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. पाचाची वीस मिनिटं झाली तरी घंटा न वाजवल्याबद्दल छगनरावांचे आभार. उन्हात बसून ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार, आणि मिस्त्री, तुमचे आभार मला या माईकवर मानता येणार नाहीत, ते मी खाली येऊन मानतो. बोलण्यात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर वय बघून सोडून द्या. पण जे काम मी केलं, ते सोडून देऊ नका. ते माझ्या नावावर लिहा आणि मिस्त्रींच्या नावावरून काढा.

साहेब, पाकीट अजून चिकटवलेलं नाही, मी सकाळीच बघून घेतलंय. पेनात शाई भरून आणली आहे.